बोटांत बोटं

"मी पळणार नाहीये, मॅडम," सोनू म्हणाली, आणि तेव्हा कुठे राधाबाई ओव्हाळांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं.

बिबवेवाडीच्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दुभाजक जिथे तुटला आहे तिथे दोघी उभ्या होत्या. रविवारची सकाळ होती, पण मार्केटयार्डाकडून येणाऱ्या टेम्पोंना रविवार नसतो. पलीकडे कात्रजच्या बसचा थांबा होता. सोनूला तिथल्या प्राणिसंग्रहालयातला वाघ बघायचा होता. तेरा वर्षांची झाली तरी तिने वाघ पाहिला नव्हता, आणि हे तिने असं सांगितलं होतं की जणू त्यात वाघाचीच चूक आहे. हात आपण केव्हा धरला ते राधाबाईंना सांगता आलं नसतं. कसा धरला ते मात्र समोर दिसत होतं. तिच्या चार बोटांत आपली चार बोटं घातलेली, मूठ वळलेली, तिचं मनगट आपल्या बरगडीशी आवळलेलं. सोनूच्या आवाजात राग नव्हता. कंडक्टरने विचारण्याआधीच पास आहे म्हणून सांगावं, तशी ती बोलली होती. आणि तिचा हात राधाबाईंच्या हातात नुसता ठेवल्यासारखा होता. ओढ नाही, हिसका नाही. असा हात राधाबाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. पहिल्यांदा आत आलेल्या बाईचा हात थरथरतो, घामाने निसटतो, मध्येच जोर करतो. कोर्टाच्या बऱ्याच तारखा झालेल्या बाईचा हात असा होतो. तो आपल्या मालकीचा नाही हे त्याला कळलेलं असतं. या पोरीचा हात असा का, हा प्रश्न मनात आला तोवर एक रिक्षा अंगावर आली, आणि सोडायचा तो हात राधाबाईंनी आणखीच घट्ट धरला. पलीकडच्या कडेला पोचल्यावर सोडला. सोनूने तो जीन्सला पुसला, आणि बस येतेय का ते बघायला चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. राधाबाई शेजारी, पिशवी मांडीवर. काही बोलावं असं वाटत होतं, पण पूर्वा मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की मूल गप्प असेल तर आपणही गप्प बसायचं, गप्प बसण्याचाही पगार आपण नोकरीत घेतलेला आहे. पूर्वा मॅडम सब-इन्स्पेक्टर, वयाने राधाबाईंच्या मुलापेक्षा लहान. चौकीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी 'सोबत' नावाचा उपक्रम चालवला होता. वाईट नादाच्या तोंडाशी आलेली पोरं, आणि त्यांच्या जोडीला एकेक पोलीस. काही नोकरीतले, काही राधाबाईंसारखे निवृत्त. कागदोपत्री या पोरांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. "हा शब्द या खोलीत कोणी उच्चारायचा नाही," पूर्वा मॅडम म्हणाल्या होत्या, "पुरा म्हणेपर्यंत चहा गार होतो." नियम थोडे होते. वर्दी घालायची नाही. केसबद्दल, घराबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. पोराच्या घरी जायचं नाही, कारण पोलीस दारात दिसला की ते पोर वस्तीत खबऱ्या ठरतं. आणि पोर रविवारी आलं नाही तर वाट बघायची, शोधत फिरायचं नाही. "शोधायला आपल्याला येतंच, ओव्हाळताई. वाट बघायला येत नाही. ते शिकायचंय."

सोनूचं प्रकरण चौकीत सगळ्यांना माहीत होतं. पांढऱ्या स्कूटरवरची दोन मोठी पोरं तिला मध्ये बसवून फिरायची. मध्ये मुलगी बसलेली असली की लोकांना संशय येत नाही. हिसकलेला मोबाइल तिच्या दप्तरात जायचा. पहिलीच वेळ म्हणून तिला समज देऊन सोडली होती आणि रविवारी इथे यायचं ठरवून दिलं होतं. मावशीकडे राहायची; मावशी एका मेसमध्ये पोळ्या करायला जाई आणि दिवेलागणीनंतर परत येई. म्हणजे सोनू रविवारी चौकीवर आली नाही तर ती कुठे असेल, हे विचारायची गरजच नव्हती. दुसरं कुणी तिला चल म्हणणारं नव्हतं. सुरुवातीला ती यायची ती नुसती बसायला. पूर्वा मॅडमनी ताई म्हणायला सांगितलं तर म्हणाली, "ताई कसं म्हणू? तुम्ही आजीएवढ्या आहात. आणि आजी म्हटलं तर तुम्हाला राग येणार. मॅडमच सेफ आहे." मग एकदा टपरीपाशी त्या स्कूटरवाल्यांतल्या एकाने हटकलं, कोण गं ही? सोनू पापणी न हलवता म्हणाली, "गणिताच्या बाई. जाम डोकं खातात." राधाबाईंना त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसू येत राहिलं. गणिताने त्यांना सातवीत दोनदा रडवलं होतं.

आता ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा उजवा हात, तोच, मांडीखाली दाबून ठेवलेला होता. धनकवडी मागे पडली तेव्हा ती काचेकडे बघतच म्हणाली, "मम्मीला असंच न्यायचे."

राधाबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"कोर्टात. मी मागे मागे चालायचे मावशीबरोबर. मला वाटायचं त्या मॅडम मम्मीच्या मैत्रीण आहेत. शाळेत आम्ही पण तसाच धरायचो ना हात, मधल्या सुट्टीत." मग ती म्हणाली, "येडीच होते मी."

कोणत्या मॅडम? हा प्रश्न राधाबाईंच्या ओठांपर्यंत आला. कशा होत्या दिसायला, उंच होत्या का, केसांत पांढरी बट होती का? पण आईबद्दल तिने आपण होऊन याहून जास्त सांगितलं नव्हतं आणि विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. नियम नसता तरी विचारवलं असतं का, कोण जाणे. बस हलत होती आणि राधाबाई मनातल्या मनात हात चाचपत होत्या. चेहरे त्यांना आठवत नसत. चेहरा बघायची गरजच पडायची नाही; शेजारी चालणाऱ्या बाईचा चेहरा कोण बघतं? येरवड्याच्या तुरुंगातून गाडी शिवाजीनगरच्या कोर्टाला यायची, त्या आणि आतली बाई हातात हात घालून उतरायच्या. बेड्या घालायच्या तर कोर्टाची परवानगी लागते, म्हणून हात. लांबून बघणाऱ्याला दोन बहिणी वाटाव्यात. मग कोर्टाबाहेरच्या बाकावर पुकारा होईपर्यंत बसून राहायचं, तसंच, बोटांत बोटं. एका बाईचा हात लसणाच्या वासाचा होता, आत राहून किती दिवस झाले तरी तो वास गेला नव्हता. एकीच्या तळव्यावर आणि नखांवर मेंदी होती; दर तारखेला तळव्यावरची फिकी होत गेली आणि नखांवरची टोकाकडे सरकत गेली. एकीला नाक खाजवायचं असलं की दोघींचे हात वर जायचे, आणि ती दरवेळी सॉरी म्हणायची. एक रडायची तेव्हा त्याच हाताने डोळे पुसायची, त्यामुळे राधाबाईंच्या बोटांची पेरं ओली व्हायची आणि वाळल्यावर तिथली कातडी ओढल्यासारखी व्हायची. एक तर खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली होती, आणि तिला जागं करावं लागू नये म्हणून पुकारा उशिरा व्हावा असं राधाबाईंना वाटलं होतं. यातली कोण? की यातली कोणीच नाही, दुसऱ्याच कुणा हवालदारणीच्या हातातली? सोनूच्या बोटांकडे बघून काही कळेल असं वाटून त्यांनी बघितलं, पण ती मांडीखाली होती.

वाघ झोपलेला होता. सोनू जाळीपाशी बराच वेळ उभी राहिली. शेजारच्या मुलांनी हाका मारल्या, शिट्ट्या घातल्या, वाघाने कानसुद्धा हलवला नाही. "नॉर्मल आहे," ती म्हणाली. परत येताना रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा ती राधाबाईंच्या पुढे झाली आणि धावत पलीकडे गेली. मागे वळून "येते" एवढं म्हणाली. पुढच्या रविवारी येते, की आता जाते, ते तिने सांगितलं नाही.

घरी आल्यावर राधाबाईंनी कुकर लावला आणि तो उघडायचा राहून गेला. बिबवेवाडीचा हा फ्लॅट त्यांच्या नवऱ्याने, रंगरावांनी, निवृत्तीच्या पैशातून घेतला, पण खडकीच्या क्वार्टरमधून इथे आल्यावर ते फार काळ राहिले नाहीत. दारूगोळा कारखान्यात उभी हयात गेली, तिथे काही झालं नाही, आणि इथे एका हिवाळ्यात छातीत कफ भरला तो उतरलाच नाही. रुग्णालयात शेवटच्या दिवसांत राधाबाई त्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसून असायच्या. एका नर्सने सकाळी येऊन म्हटलं होतं, "मावशी, हात सोडा ना. सलाइन लावायचंय." तेव्हा त्यांनी खाली बघितलं. रंगरावांच्या निळसर पडलेल्या बोटांत त्यांची बोटं होती, मूठ वळलेली, मनगट बरगडीशी. नर्सला त्यात काही वावगं दिसलं नसावं. ती गालात हसली होती, म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे बघून हसतात तशी. लग्नाला इतकी वर्षं होऊनसुद्धा त्यांनी चारचौघांत एकमेकांचा हात कधी धरला नव्हता; त्यांच्यात ती पद्धत नव्हती. धरायची वेळ आली तेव्हा हाताला जे येत होतं तेच त्याने केलं. रंगराव कुठे पळून जाणार होते? आणि तरी गेलेच.

संध्याकाळी बंगळुरूहून बुद्धभूषणचा फोन आला. रविवारी तो करायचाच.

"काय करतेस आई?"

"बसलेय."

"नुसती?"

"नुसतं बसायलाही वेळ लागतो बाबा."

"तुझी ती मुलगी काय म्हणते? वाघ बघितला?"

"झोपला होता." मग त्यांनी विचारलं, "भूषण, तू लहान असताना मी तुझा हात कसा धरायचे रे?"

मागे त्याच्या बायकोचा आणि मिक्सरचा आवाज येत होता. "धरायचीस? अगं, तू ड्यूटीवर असायचीस. मला पप्पाच सोडायचे सगळीकडे." मग म्हणाला, "एकदा धरला होतास. खडकी स्टेशनवर, पुलावर फार गर्दी होती. बोटं दुखली होती माझी. का गं?"

"काही नाही."

"काय झालं, सांग ना."

"आवाज तुटतोय तुझा," राधाबाई म्हणाल्या. आवाज तुटत नव्हता.

तो आठवडा त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या माणसांकडे बघण्यात घालवला. भाजीला म्हणून निघायच्या आणि सिग्नलपाशी पिशवी घेऊन उभ्या राहायच्या. इतकी वर्षं पुण्यात राहून, तीही पोलिसात, लोक एकमेकांना कसे धरतात ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. काही आया मनगट धरून पोराला फरफटत नेत. एक बाप पोराच्या दप्तराचा वरचा बंद धरून त्याला सुटकेसप्रमाणे पलीकडे नेई, आणि पोर मजेत असे. कॉलेजातली पोरंपोरी हात धरत तो पकडण्यासाठी नव्हे, हलवत नेण्यासाठी. एक आजोबा नातवापुढे नुसतं एक बोट धरत, बाकी काही करत नसत. धरायचं काम नातू करी, आणि कंटाळा आला की सोडून देई. राधाबाईंना ते फार धोक्याचं वाटलं. असं कसं त्याच्यावर सोडून द्यायचं, टेम्पो आला म्हणजे? घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून त्यांनी आपल्या डाव्या हाताने उजवा हात धरून बघितला. मनगटाला, मग नुसत्या तळव्याला, मग एका बोटाला. प्रत्येक वेळी थोड्या वेळाने बघावं तर बोटं आपोआप बोटांत गेलेली असत, आणि मूठ वळलेली. स्वतःचाच हात स्वतःच्या हाताला सुटू द्यायला तयार नव्हता. समोरच्या खिडकीतून शेजारणीने विचारलं, "काय झालं हो, पोळलं का?" त्या म्हणाल्या, "नाही, मुंग्या आल्यात." रोज संध्याकाळी दिवे लावताना त्यांना वाटे की रविवार अजून लांब आहे ते बरंच आहे, आणि रात्री कूस बदलताना वाटे की कसला लांब, सोनू येणारच नाही.

रविवारी त्या चौकीवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. वर कॅरमचा डाव लागला, खारी आणि चहा आला, एकेक पोर आपापल्या पोलिसाबरोबर बाहेर पडलं. कुणी पर्वती चढायला, कुणी सारसबागेत. जिन्यावर पाय वाजला की राधाबाईंची मान आपोआप वळायची. शेवटी कॅरमच्या बोर्डावर नुसती पावडर राहिली.

"उशीर होतो कधीकधी," पूर्वा मॅडम म्हणाल्या.

"मी हात धरला तिचा," राधाबाई म्हणाल्या. "मागच्या रविवारी. कोर्टात धरतो तसा."

पूर्वा मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. नोकरीला लागून त्यांना थोडीच वर्षं झाली होती, पण कसा ते त्यांना सांगावं लागलं नाही. "मुद्दाम?"

"मुद्दाम काय धरायचंय?"

"मग बसा. चहा घ्या अजून. आणि ताई, तिकडे वस्तीत जाऊ नका. तुम्ही गेलात तर ती इथे यायची पण थांबेल आणि तिथे राहायची पण."

राधाबाईंनी चहा घेतला नाही. खोलीला कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा त्या उठल्या. घरचा रस्ता टपरीवरूनच जात होता. आपण शोधायला चाललो नाही, घरी चाललो आहोत, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं, आणि म्हणूनच टपरीपाशी पांढरी स्कूटर दिसली तेव्हा त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं झालं. दोन्ही पोरं स्कूटरवर बसली होती. सोनू बाजूला उभी होती, पाठीला दप्तर. रविवारी दप्तर. दोघांच्या मधे सीटवर तिच्यापुरती जागा रिकामी होती. राधाबाईंच्या आतलं सगळं जुनं एकदम जागं झालं: किती पावलं, कोणत्या बाजूने, आधी कुणाचा हात. त्या टपरीच्या अलीकडेच थांबल्या.

सोनूने बघितलं. पोरांना काहीतरी म्हणाली आणि रेंगाळत जवळ आली, पण हाताच्या अंतराबाहेर थांबली.

"शोधायला आलात?"

"नाही. घरी चाललेय. घर पलीकडे आहे."

"मावशीच्या मेसला मदत होती," ती म्हणाली. दोघींनाही ते खरं वाटलं नाही, आणि दोघींनी ते तसंच राहू दिलं.

"मी तुला धरलं नव्हतं त्या दिवशी," राधाबाई म्हणाल्या. "गाड्या येत होत्या. हाताला दुसरं काही येत नाही."

सोनू चपलेने फरशीवरचं बाटलीचं झाकण इकडून तिकडे करत राहिली. स्कूटरवरून एक जण ओरडला, "ए सोन्या, चल ना. गणित संपव तुझं." ती वळली नाही, पण हललीही नाही.

आता काय म्हणायचं असतं ते राधाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या रस्त्याकडे वळल्या. हात मोकळे राहिले तर काय करतील याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी ते पाठीमागे नेले आणि एकात एक घातले, बोटांत बोटं, मूठ वळून, आवळून. तशाच त्या फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. गाड्या थांबत नव्हत्या. एक टेम्पो गेला, मागून बस, मग पाण्याचा टँकर. त्यांचं एक पाऊल खाली गेलं आणि परत वर आलं. गुडघा आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. मागे स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला.

आणि शेजारून सोनू रस्त्यावर उतरली. काही न बोलता, एकटी, टँकर गेला त्या जागेत. राधाबाईंचा सगळा देह पुढे झेपावला. खांदे ओढले गेले, पाठीमागे एका हाताने दुसऱ्याला धरून ठेवलं आणि दुसऱ्याने सुटायचा जोर केला. एक मोटारसायकल तिच्या दप्तराला घासून गेली. राधाबाईंनी डोळे मिटले नाहीत. हात सोडले नाहीत. सोनू पहिल्या लेनच्या मध्यावर थांबली, येणाऱ्या रिक्षाकडे तोंड करून तिने सरळ हाताचा पंजा उभा धरला, आणि रिक्षा कर्कश वाजत तिच्यापुढे थांबली. मागे दोन दुचाकी थांबल्या.

"ए पोरी, रस्ता काय नावावर करून घेतलाय?" रिक्षावाला म्हणाला.

"त्यांना जाऊ द्या," सोनू म्हणाली. आवाज टपरीपर्यंत जाईल एवढा होता. "पोलीस आहेत त्या."

रिक्षावाल्याने पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या, हात पाठीशी बांधून उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. "कोण, या?"

"हो. माझ्या आहेत. या ना मॅडम."

राधाबाई निघाल्या. रस्ता एवढा रुंद असतो हे त्यांना माहीत नव्हतं. दुभाजकाशी सोनू पुन्हा पुढे झाली, पुन्हा पंजा धरला, आणि मागच्या आवाजांत स्कूटरचा आवाज लांब जात मिसळून गेला. दोघींपैकी कुणीही वळून बघितलं नाही. पलीकडे थांब्याच्या सावलीत आल्यावर सोनू बाकाच्या कडेला बसली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"ऐकलं त्यांनी," ती म्हणाली.

"ऐकलं."

"आता नाही घेणार मला गाडीवर." यात आनंद नव्हता. वर्गात सगळ्यांनी आपापला गट केल्यावर जे पोर उरतं, त्याच्या आवाजात ती बोलली. "वस्तीत पण बोलणार नाही कोणी."

राधाबाईंना वाटलं, मी आहे असं म्हणावं. मग वाटलं, मी म्हणजे एक रविवार. बाकीचे वार तिने कुठे ठेवायचे? त्या तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बाकावर बसल्या. पाठीमागचे हात बाकाच्या पाठीशी आवळले गेले, तरी तसेच बसल्या. कात्रजची बस आली, दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार मिटलं. समोरच्या कडेला टपरीपुढे स्कूटरच्या जागी तेलाचा एक डाग होता आणि त्याच्यावरून माणसं जात-येत होती.

बऱ्याच वेळाने सोनूने वाकून त्यांच्या पाठीमागे बघितलं. बघत राहिली. ओळखीचं काही दिसावं तसं.

"मॅडम," ती म्हणाली, "सोडा की हात आता. कोण पळतंय?"

राधाबाईंनी सोडायला घेतले. पण बोटं लगेच निघेनात. एकेक करून ती सोडवावी लागली.